बारा नंबरची बाटली

"बारा नंबर, तुमची विहीर आटत चाललीय," मोठ्या बाई वहीत बघत म्हणाल्या. "उघड्या काखेतून वीस मिनिटांत निदान शंभर मिलिग्रॅम घाम हवा. मागच्या वेळी तुमचा त्र्याण्णव. आज शेवटची संधी. नाहीतर यादीतून नाव कमी."

कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर हसला. "बाई, आयुष्यभर लेथवर घाम गाळत बसलो. थोडा तुमच्यासाठी राखून ठेवायला हवा होता."

बाई काही हसल्या नाहीत. 

घाम रोखणारी औषधं खरंच घाम रोखतात का, हे तपासायची ही जागा. सतरा दिवस आधीपासून काखेला काही लावायचं नाही. मग एका काखेत औषध, दुसरी उघडी. दोन्हीकडे कापसाचं पॅड दाबून तापवलेल्या खोलीत बसायचं. वेळ झाली की पॅड चिमट्यानं बाटलीत, आणि बाटली भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आत. पलीकडे वजन करणारी. तिनं माणूस बघायचा नाही, माणसानं तिला बघायचं नाही, बोलायचं तर नावच नको. ओळखीपाळखीत वजनं वाढायला किती वेळ लागतो? म्हणून दिसायचा तो फक्त तिचा हात.

सहा वर्षं टर्नरनं एक फेरी चुकवली नव्हती. आज तर त्यानं कमाल केली. भर उन्हात लोकरीचा स्वेटर घालून आला, लिफ्ट सोडून चार जिने धावत चढला आणि दरवाजाबाहेर उभं राहून दोन पेले गरम पाणी ढोसलं. जिन्यात भेटलेल्या बाईनं त्याला बसायला खुर्ची दिली. माणूस जातोय की राहतोय, असं वाटलं असेल तिला.

आत गेल्यावर तो नेहमीच्या खुर्चीत बसला. खिडकीच्या बरोबर समोर. शेजारी न्हावी, अकरा नंबर, जुना दोस्त.

"ही खुर्ची काही तू सोडत नाहीस," न्हावी म्हणाला. "त्या हातावर जीव जडलाय का रे?"

"या वयात? डॉक्टरनं जिने चढू नको म्हटलंय, प्रेम कुठलं करू देतो?"

"मग आज त्या कोपऱ्यात बस. हीटरला पाठ लावून. तुला शंभर भरायचेत ना?"

टर्नर हलला नाही.

खिडकी उघडली, नऊ नंबरची बाटली आत गेली. न्हाव्यानं मान वाकडी करून बघितलं. "हात चांगलाय हो. मनगटावर डाग आहे तेवढा."

"इस्त्रीचा."

"तुला काय माहीत?"

"लोखंडात जन्म गेला. चटक्याचा आकार कळतो."

कळायचं त्याला बरंच. पहिल्या वर्षी त्या बोटात नवी कोरी अंगठी होती. तीन वर्षांपूर्वी बोटं सुजली, अंगठी निघाली. मग एक फेरी खिडकीतून कुणा पुरुषाचा केसाळ हात आला. त्या दिवशी टर्नरनं एकही विनोद केला नाही, सगळ्यांना वाटलं ताप आलाय. पुढच्या फेरीला तो डागाचा हात परत आला आणि टर्नरनं खोलीभर हसवाहसवी केली. अलीकडे त्या नखांच्या कडेला रंगीत खडूचे डाग असायचे. हिरवे, कधी जांभळे.

"तुला पोरंबाळं किती रे?" न्हाव्यानं असंच विचारलं.

"कुणी नाही."

हे इतकं झटकन आलं, की न्हाव्यानं विषय कापला. कापण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वीस मिनिटं झाली. टर्नरनं चिमटा उचलला. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच. बाकीचं पंचवीस वर्षांपूर्वी लेथनं ठेवून घेतलं होतं. "साडेनऊ बोटांचा माणूस मी," तो सांगायचा, "हातमोजेवाला मला सूट देत नाही."

 आज उघड्या काखेतलं पॅड चिमट्यात कोरडं ठणठणीत दिसलं. स्वेटर, जिने, गरम पाणी, सगळं बाहेरच सांडून गेलं होतं.

त्यानं बाटली खिडकीत सरकवली. पलीकडच्या हातानं ती धरली. दर वेळी चटकन ओढून घ्यायचा, आज तसाच राहिला. दोन हात, मध्ये बाटली. मग बाटली गेली, खिडकी लागली.

एरवी लगेच वजनकाट्याचा आवाज यायचा. आज कितीतरी वेळ काहीच आलं नाही.

टर्नर शर्टाची बटणं लावत बसला. वरचं खालच्यात, खालचं कशातच नाही. न्हावी त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. खोली गार होत आली, तेव्हा मोठ्या बाई आल्या.

"काय हो बारा नंबर, उगाच घाबरवलंत. दोनशे दहा. पॅड नुसतं चिंब. वर्षभराचं नाव पक्कं."

टर्नर उठून उभा राहिला. "बाई, दुसऱ्या कुणाचं तर..."

"ती नाही हो चुकत. आणि आता चुकायलाही इथे नाही. आजचा शेवटचा दिवस होता तिचा. नवऱ्याला परदेशात नोकरी लागलीय. खाली गाडी थांबली होती, लेकराला घेऊन मागच्या दारानं गेली."

टर्नर खिडकीजवळ गेला. दोन बोटांनी ढकलून बघितली. पलीकडून कडी होती.

"हे तुम्हाला ठेवलंय," बाईंनी घडी घातलेला कागद पुढे केला. "नियमात बसत नाही. पण जाणाऱ्या माणसाला काय बोलायचं?"

साडेनऊ बोटांना घडी उलगडायला वेळ लागला. आत दोनच ओळी होत्या.

"तुमचं अर्धं बोट मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाला होतात बाबा, म्हणून हात दाखवत राहिले."