उजव्या कानाची चीर

“जावईबापू, हात दावा. पाय दावा. बोटं समदी हायत का?”

येडबाने रायभानला बैल पारखावा तसा पारखला. जावई बर्माच्या लढाईतून परत आला, पूर्णेच्या ठेसनावर उतरला, ही खबर त्याला कालच लागली होती. शेजारच्या गावचा एक शिपाई पाय तिकडंच ठेवून आला होता आणि त्याच्या बायकोचे हाल येडबा रोज बघत होता. म्हणून त्यानं साफ सांगितलं होतं, जावई धडधाकट असेल तरच भिवराला नांदायला धाडीन, नाहीतर काडीमोड.

रायभान हसला. “नीट बघा मामा. कमी भरलं तर सरकाराकडं मागू.”

गडी पहिल्यापासून असाच. लग्नात यानं भिवराची पायताणं लपवली होती आणि वर तिलाच शोधायला लावली होती. फक्त नजर तेवढी आता भिरभिरत नव्हती. लष्करानं पोराला वळण लावलं म्हणायचं, येडबाला बरं वाटलं.

“येडबा आलेत रं!” असं ओरडून रायभानची आई भाकरी थापायला केव्हाच पालात गेली होती. मेंढरं हाकत भिवरा मागून आली. रायभान लढाईवर गेला तेव्हा त्याची निम्मी मेंढरं येडबानं सांभाळायला नेली होती. ती आज त्यानं मुद्दाम आपल्या मेंढरांत मिसळून आणली होती.

“घ्या निवडून तुमची,” तो म्हणाला.

रायभान कळपात शिरला. एकेक मेंढी ओढायची, कान चाचपायचा. उजव्या कानाला चीर असलेली त्याची, डाव्या कानाला असलेली सासऱ्याची. हात भराभर चालला होता. एकही चुकली नाही.

येडबा खूश झाला. “शाब्बास! हल्लीची पोरं रंगावर जातेत अन् फसतेत. मेंढक्यानं कानाला हात लावल्याबिगर मेंढी उचलू नये. तुमी इसरला न्हाईत. सोमवारी पोरगी धाडतो.”

रायभानचा चेहरा फुलला.

“मामा, भिवराला माझा येवढा निरोप सांगा. म्हणावं, मी लय वाट बघायलोय.”

येडबाच्या कपाळाला आठी पडली. भिवरा लंगडं कोकरू काखेत घेऊन रायभानच्या पुढ्यातच उभी होती, बापाकडं पाठ करून.

तिनं मोकळा हात वर केला आणि रायभानच्या डोळ्यांपुढून हळूच फिरवला. त्याची पापणी लवली नाही.

भिवरा खळखळून हसली.

“आबा, बघा की! ह्यांची थट्टेची खोड लढाईतबी गेली न्हाई,” ती म्हणाली आणि तिनं रायभानचा हात घट्ट धरला. “सोमवार कशाला? तुमी जावा. मी आजपासून हितंच ऱ्हाते.”