चिप बसवलेला भैरू

सुनंदा बोरस्ते द्राक्षबागेत वेलींच्या जादा फुटी काढत होती, तेवढ्यात शेततळ्याकडून भैरूचं भुंकणं ऐकू आलं. ती धावत सुटली. तिची सहा वर्षांची ओवी तळ्याला अंथरलेल्या निसरड्या प्लॅस्टिकवरून घसरून पाण्यात पडली होती. सुनंदाला पोहता येत नव्हतं. तिने ओढणी फेकली, ती पुरली नाही.

भैरूने तोवर उडी घेतलीच होती. भैरूसारखी रॉटवायलर जातीची कुत्री मारून टाका, असं गेल्या महिन्यात ग्रामसभेत निम्मं गाव म्हणत होतं. सुनंदानेच हात जोडले होते, "नव्या कायद्यातली चिप बसवा, पण जीव घेऊ नका." तेव्हापासून माणसाच्या अगदी अंगाशी जबडा उघडला, की भैरूच्या मेंदूत विजेचा झटका बसायचा.

"धर तिला, भैरू! धर!"

त्याने ओवीच्या फ्रॉकला तोंड घालायला जबडा उघडला आणि कळवळून उलटा फिरला. पुन्हा गेला, पुन्हा झटका बसला. असा तो सहा वेळा गेला. सातव्यांदा मात्र त्याने तोंड उघडलंच नाही.

सुनंदा ओरडत होती. भैरू नुसता ओवीभोवती पोहत राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत आणि त्यानंतरही.