दहाव्याचा कावळा

सुधन्वाच्या दहाव्याचा पिंड मांडून अच्युतला तास होऊन गेला होता. खरे कावळे संपल्यापासून घाटावर देवस्थानचा यांत्रिक कावळा यायचा. पिंड देणाऱ्याचं नातं आधी तपासायचा आणि मगच चोच लावायचा. आज तो कठड्यावरून हलत नव्हता.

"सुधन्वा, तुझ्या आईला मी अंतर देणार नाही," अच्युत हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म.

"हा वचनाला उतरत नाही हो, नात्याला उतरतो," गुरुजी हळूच म्हणाले. "नातं काय सांगितलंत?"

"नवरा. नऊ वर्षांपूर्वीचा सरकारी दाखला आहे."

"दाखला खराच. पण सरकार धर्मात ढवळाढवळ करत नाही आणि देवस्थानच्या यादीत हे नातं नाही. भाऊ म्हणा. किती ताटकळत ठेवणार त्यांना?"

लग्नाआधी प्रत्येक घरमालकाला अच्युतने हेच सांगितलं होतं. दाखला हातात आला त्या दिवशी सुधन्वा म्हणाला होता, "आता पुन्हा कधी मला भाऊ म्हणू नकोस."

अच्युतने डोळे मिटले. "भाऊ," तो म्हणाला.

पंख फडफडले. कावळा लगेच पिंडावर येऊन बसला.