गोधडीतले शेवटचे पान

"गोष्टीचं नाव आठवत नाही, लेखकही नाही," निवृत्त पोस्टमास्तर खानोलकर ग्रंथपालबाईंना म्हणाले. "इथेच वाचली होती. गोष्टीतल्या शहरात रोजचं वर्तमानपत्र संध्याकाळी सरकारला परत द्यावं लागे, म्हणजे कालचं कोणाला आठवू नये. एक बाई मात्र कात्रणं गोधडीत शिवून ठेवते. पोलीस दार ठोठावतात, आणि तेवढ्यात वाचनालय बंद झालं. दुसऱ्या दिवशी माझी बदली. पन्नास वर्षं ती बाई दारातच उभी आहे हो."

जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांत तिसऱ्या दिवशी कथा सापडली. शेवटचे पान मात्र फाडलेले होते. ग्रंथपालबाईंनी फलकावर विचारणा लिहिली.

आठवड्याने इंदिराबाई तळवडेकर काखोटीला गोधडी मारून आल्या. "पान मीच फाडलं. तेरा वर्षांची होते. तिच्यासारखंच गोधडीत शिवलं." त्यांनी टाके उसवले. आतून कागदाचा वाळलेला लगदा निघाला. "अगं बाई, दरवर्षी धुतली की मी ही."

खानोलकरांचा चेहरा उतरला. "म्हणजे ती सुटली का, हे कळायचं नाहीच."

"न कळायला काय झालं? पान पाठ आहे माझं. पोलीस गोधडी हलवतात, आतल्या कागदांनी ती कुरकुरते. शेजारणीची हलवतात, तीही कुरकुरते. अख्ख्या गल्लीत न कुरकुरणारी गोधडीच नसते. धरणार कोणाकोणाला?"

खानोलकर मोठ्याने हसले. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्या डोक्यावरच होती, पण ग्रंथपालबाईंनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"सांगा इंदिराबाई, सावकाश. या वेळी दोन प्रती करू."