खटक्यावरचं लाल कार्ड

"हात नको लावू!" लहानू एवढ्या जोरात ओरडला, की टिकारामचा हात हवेतच थांबला.

प्रोजेक्टरमधून भिंतीवर कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट चालू होती. नवरदेव घोडीवरून उतरत होता, पण तो कोणालाच नको होता. साडेपाचला दूरदर्शनच्या भोपाळ केंद्रावर केवलरामची ललिता दिसणार होती. मुलांचा विज्ञानाचा कार्यक्रम होता, त्यात तिची पाच मिनिटं. कार्यक्रम एकदाच लागणार होता. म्हणून रुआबांध्यातल्या केवलरामच्या क्वार्टरमध्ये अर्धी गल्ली येऊन बसली होती. स्वतः केवलराम तेवढा नव्हता. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या मिलमध्ये वायरमन होता तो, आणि आज नेमकी त्याला डबल ड्युटी लागली होती.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रोजेक्टर दुर्गच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ हॉलमधून आणलेला. त्याला चित्र घ्यायला तोंड एकच, आणि चित्र देणारे तिघे : अँटेनाचा ट्यूनर, कॅसेटचा व्हीसीपी आणि मुलांचा व्हिडिओ गेम. म्हणून तिघांच्या वायरी एका लाकडी डबीत आणल्या होत्या आणि डबीतून एकच वायर प्रोजेक्टरला गेली होती. डबीवर गोल खटका. एकवर दूरदर्शन, दोनवर कॅसेट, तीनवर गेम. खटका दोनवरून एकवर आणायचा, एवढंच काम होतं. पहिलीतल्या पोरालाही जमलं असतं.

पण खटक्याला सुतळीने लाल कार्ड बांधलं होतं. 'हाथ मत लगाओ, आदमी काम पर हैं.'

मिलमधल्या माणसाला या कार्डाचा अर्थ सांगावा लागत नाही. मशीन दुरुस्तीला घेताना कामगार आधी हे कार्ड स्विचला बांधतो, मग मशीनमध्ये उतरतो. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. साहेब आला तरी दुसऱ्याने सोडायचं नाही. भिलाईला येण्याआधी लहानू एका लहानशा गिरणीत होता. तिथे कोणीतरी घाईघाईत असंच एक कार्ड सोडलं होतं. तेव्हापासून लहानूच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

"अरे, पण इथं आत कोण उतरलं हाये?" टिकाराम वैतागला. "डबीत माणूस बसून राहिला काय?"

"बसो नाही तर न बसो. कार्ड म्हणजे कार्ड."

सगळ्यांनी नरहरी साहेबांकडे पाहिलं. साहेब मिलचे सेफ्टी ऑफिसर. ललितासाठी खास स्मृति नगरहून आले होते. कार्डाचा नियम खोलीतल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवला होता. ते खुर्चीत जरा अवघडून बसले.

"लहानू बरोबर आहे," ते म्हणाले. "मिलमध्ये एक नियम अन् घरी दुसरा, असं चालत नाही. देवीदास, कोपऱ्यावरच्या पीसीओतून केवलरामले फोन लाव. विचार, काय करायचं."

देवीदास पळाला. साहेब डबीपाशी उकिडवे बसले आणि कार्डाला धक्का न लावता वायरी बघू लागले. प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाच्या चिंधीची गाठ होती. एकही सांधा ढिला नव्हता.

"काम पाहा याले म्हणतात," साहेब म्हणाले. "केवलरामचं नाव बक्षिसासाठी पाठवलं पाहिजे."

आतून चहा आला. केवलरामची बायको मैनाबाई चार वाजल्यापासून स्वयंपाकघरात भजी तळत होती. तिला आतापर्यंत कोणी काही विचारलं नव्हतं, साखर सोडून.

पाच पंचवीसला देवीदास धापा टाकत परतला.

"केवलराम म्हणते, कार्ड माझं नाही. तो तर पहाटेच निघाला म्हणे."

"मंग कोणाचं?"

जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. खोलीत दोन फिटर होते, एक वेल्डर, एक क्रेनवाला. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

"आता तर मुळीच हात लावता येत नाही," साहेब कपाळ पुसत म्हणाले.

"वा जी, साहेब!" क्रेनवाले बाबाराव म्हणाले. "पोरगी येऊन निघून जाईन, अन् आपण या नवरदेवाचं जेवण पाहत बसू!"

तेवढ्यात मैनाबाई भज्यांची परात घेऊन बाहेर आली. तिच्यामागे ललिता, तोंडावर ओढणी धरून. मैनाबाईने घड्याळाकडे पाहिलं, साडेपाच होत आले होते. परात लहानूच्या मांडीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि खाली बसून सरळ कार्डाची सुतळी सोडायला लागली.

"वहिनी!" चौघे एकदम ओरडले. "ज्यानं बांधलं त्यानंच..."

"मंग? मीच तर बांधलं," मैनाबाई म्हणाली. "दुपारी वायरी जोडल्या अन् पोरं लगेच गेमसाठी खटका पिरगाळून राहिले होते. एखादी वायर निघून आली असती म्हणजे?"

तिने खटका एकवर आणला. नवरदेव गेला. भिंतीवर क्षणभर मुंग्या आल्या, मग चित्र स्थिर झालं. साहेब अजून डबीपाशीच होते.

"म्हणजे... वायरी केवलरामनं नाही जोडल्या?"

मैनाबाईला ते ऐकूच गेलं नाही. ती भिंतीकडे पाहत होती. तिथे छताला टेकेल एवढी ललिता उभी होती. टेबलावर तिने वायरींनी जोडलेला एक बल्ब आणि तीन बटणं. तिने बटणं दाबून दाखवली तसा बल्ब लागला, विझला, पुन्हा लागला. कार्यक्रमवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"बहुत बढ़िया, ललिता! तुम्हारे पापा तो वायरमन हैं न? उन्होंने ही सिखाया होगा?"

भिंतीवरची ललिता हसली.

"नहीं दीदी, मेरी आई ने. पापा को भी वायरमन की परीक्षा आई ने ही पास करवाई थी."