आयत्या लिंका

“मी विचारतेय गादीवर किती जण झोपणार, आणि बाई मलाच विचारते, इथला फोटो कुठे गेला?” गादीच्या दुकानाची ऑनलाइन चॅट सांभाळणाऱ्या ताईंनी हेडफोन मानेवर उतरवला आणि खो खो हसल्या. “फोटो बघायला गादीच्या दुकानात येतात का रे कोणी?”

सगळे हसले. सकाळपासून ऑफिसात हसूच होतं. त्यांच्या गिऱ्हाइकाचं गाद्यांचं दुकान आज सर्चच्या पहिल्या पानावर आलं होतं. साहेबांनी स्वतःच्या खिशातून चहा सांगितला होता. हेच साहेब परवा लिंकवाल्याला म्हणाले होते, “या आठवड्यात गादी वर आली नाही, तर तू घरी.” गादी वर आली होती. फोटोचं ऐकून लिंकवाला मात्र हसला नाही.

त्याचं काम भीक मागायचं. टाय लावून मागायची, एवढाच फरक. साइटवाल्यांना गोड गोड मेल लिहायच्या. तुमचा लेख फार आवडला. लेख कोणाच्या बापाने वाचलेला असायचा! मग हळूच, त्यात आमच्या दुकानाची लिंक टाकता का? भल्या साइट जितक्या तुमच्याकडे बोट दाखवतील, तितके तुम्ही सर्चमध्ये वर. पण गादीकडे बोट कोण दाखवणार? बहुतेक जण उत्तरच द्यायचे नाहीत. जे द्यायचे ते शिव्या द्यायचे.

मग त्याने आडवाट धरली. मुदत संपलेली, मालकाने वाऱ्यावर सोडलेली एक साइट त्याने उचलली. एकाच पानाची साइट, पण तिच्याकडे वर्तमानपत्रं बोट दाखवत होती, दवाखाने, वाचनालयं, कॉलेजं बोट दाखवत होती. तो पत्ता त्याने गाद्यांच्या दुकानाकडे वळवून टाकला. जुन्या पत्त्यावर कोणी गेलं की थेट गादीच समोर. आयत्या बिळावर नागोबा. ज्याने कोणी या लिंका जमवल्या असतील, तो मात्र उस्ताद असणार. त्याला लिंकवाल्याने मनातल्या मनात सलामही ठोकला होता.

ते पान काढण्याआधी त्याने पाहिलं होतं. एका तरुण मुलीचा फोटो. खाली फोन नंबर. आणि एक ओळ: ‘एकटी परत ये. कोणी काही बोलणार नाही.’ सापडली असेल, नाहीतर मेली असेल, आपल्याला काय, असं म्हणून त्याने पानाची एक प्रत फायलीत टाकली आणि विसरून गेला.

आता तो ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “पुढे काय म्हणाली ती?”

“सोड रे, डोकं फिरलेली असेल.”

“ताई, दाखवा.”

ताईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

‘इथे माझा फोटो असायचा. मी अधूनमधून बघून जाते. काढला का त्यांनी?’

खाली ताईंनी नेमाप्रमाणे लिहिलं होतं: ‘मॅडम, आपल्या गादीवर किती जण झोपणार?’

मग: ‘आम्ही दोघं. आणि मुलगी. ती मधेच झोपते.’

आणि शेवटी: ‘असू दे. काढला ते बरंच झालं.’

“नंबरसुद्धा न देता गेली,” ताई म्हणाल्या. “हातचं गिऱ्हाईक!”

लिंकवाला जिन्यात आला. जुन्या पानावरचा नंबर मोबाइलवर उघडला. दोन पायऱ्या उतरला, परत चढला. पत्ता मागे वळवला की गादी खाली जाणार, आणि गादीच्या आधी तो. फोन लागूच नये, असं त्याला वाटत होतं. लागला.

“कोण?” म्हातारा आवाज.

“मी... गादीच्या दुकानाचं काम करतो—”

“नको गादी. आहे तिच्यावर झोप येत नाही.”

“काका, ठेवू नका! मुलीच्या फोटोची तुमची साइट होती ना? ती मी घेतली.”

पलीकडे खोकला. “घ्या की. मी सोडलीच होती. दारोदार फिरलो तिच्यापायी. पेपरवाले, दवाखाने, कॉलेजं. एकेकाच्या टेबलापुढे उभा राहिलो, म्हटलं एवढा पत्ता तुमच्या पानावर टाका. लोकांनी टाकला हो. तिलाच पाझर फुटला नाही. यंदा म्हटलं, पुरे. बोलावून बोलावून घसा बसला.”

उस्ताद हा होता.

“काका, ती आज आली होती. त्याच पत्त्यावर.”

आणि त्याने सगळं सांगितलं. तिचा शब्द न् शब्द. दोघं. मुलगी. मधेच झोपते. काढला ते बरंच झालं.

काचेचं दार ढकलून साहेबांनी डोकं बाहेर काढलं. “अरे, चहा निवला तुझा! गादीवाला फोनवर आहे, तुझं कौतुक करतोय. ये लवकर.”

लिंकवाल्याने त्यांच्याकडे पाठ केली.

“परत येईल का हो ती बघायला?” म्हाताऱ्याने विचारलं.

“माहीत नाही, काका. पण पान परत लावतो. आत्ताच. फोटो, नंबर, ओळ, सगळं होतं तसं.”

“होतं तसं नको,” म्हातारा म्हणाला. “ती ओळ मी लिहिली होती. ‘एकटी’ काढा. ‘तिघंही या’ लिहा.”