दुखवट्याची साखर

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो, आणि तोंडात उरलेले चार दातही पडोत.

सेफ्रू गावाच्या जुन्या वस्तीत, आपल्या घराच्या चौकात, म्हातारा अल्लाल चहा ढोसत बसला होता. एकटाच. बायको यामना हिवाळ्याच्या तोंडाला वारली, पोरगी लांब कॅसाब्लांकाला. समोर किटली, आणि मागे पडवीच्या भिंतीला लागून साखर. आमच्याकडे दुखवट्याला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची ढेप नेतो, हातभर उंच, वर निमुळती. यामना सगळ्यांची लाडकी, त्यामुळे ढेपांची रास छताला टेकली होती. ह्या ढेपा पुढच्या दुखवट्याला देऊन टाकायच्या असतात, पण त्या हिवाळ्यात गल्लीत दुसरं कुणी मरेना.

मग अल्लालनेच हातोडी घेतली. फोडायची, किटलीत टाकायची. चहा असा दाट, की त्यात पडलेली माशी बुडायची नाही, चालत काठाला यायची. अल्लाल तिला बोटाने झटकायचा आणि पेला तोंडाला लावायचा. मिशा कायम चिकट.

आणि ह्या माणसाला मधुमेह. डाव्या पायाची करंगळी आधीच कापली होती. आता शेजारचं बोट जांभळं पडलं होतं, त्याला वासही यायला लागला होता. साखर उतरली नाही तर पाऊल जाईल, असं डॉक्टर तोंडावर बोलला होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडची इत्तो आली. हातात उकडलेल्या सलगम-दुधीचं वाडगं, वर जवाची भाकरी. ठेवायला जाते तर कालचं वाडगं तसंच. त्याच्यावर करडी, केसाळ साय धरली होती. त्याच्याखाली परवाचं, ते तर बुडबुडे सोडत होतं. इत्तोने डोक्यावरच्या फडक्याने नाक दाबलं आणि म्हाताऱ्याला जे मनात येईल ते बोलली.

अल्लालने ऐकून घेतलं. मग म्हणाला, यामना होती तेव्हा तीही हेच पाणचट खायची, तिला काही आजार नसताना. दोघं समोरासमोर बसून सलगमला शिव्या द्यायचे, आणि शिव्या देता देता वाडगं रिकामं व्हायचं.

"आता एकट्याने हे खायचं म्हणजे भिंतीचा गिलावा चाटायचा. आणि चाटून कुणाला दाखवायचं?"

 नासलेली वाडगी उचलून इत्तो ओतून द्यायला कोपऱ्यातल्या मोरीकडे गेली, आणि दारातच थांबली.

तिच्या पायाजवळून मुंग्यांची रांग चालली होती. उंबऱ्याखालून आत आलेली, चौक कापून निघालेली. वाटेत साखरेची एवढी रास, पण तिला वळसा घालून, एकीनेही मान न वळवता, सगळ्या मोरीत. जिथे अल्लाल लघवीला बसायचा त्या भोकाच्या कडेला नुसता काळा बुजबुजाट. ओल्या फरशीवर एकीवर एक चढलेल्या. खुंटीला त्याचा लेंगा टांगला होता. त्याच्या पुढच्या बाजूला, नको तिथे, वळवळता गोळा.

इत्तो ओरडली नाही. तिने हाताने त्याला बोलावलं. तो पाय ओढत आला, आणि बघतच राहिला. परक्या बाईसमोर त्याचा तो लेंगा, त्याची ती फरशी.

"लोकांनी उगाच ढेपा वाहिल्या, सी अल्लाल," ती अदबीने म्हणाली. "कारखाना तर तुमच्याच घरात आहे."

 सकाळपासूनचा सगळा चहा अल्लालने तिथेच, भिंतीला हात टेकून, भडाभडा ओकला. तोंड पुसून सरळ होतो तोवर रांगेतल्या पुढच्या मुंग्या वळल्या, आणि त्याच्या ओकारीला येऊन लागल्या.

"म्हणजे ह्या मला जिवंतपणीच खाणार, लाल्ला इत्तो."

"खातायतच की. तुम्हीच वाढताय त्यांना."

अल्लाल कामाला लागला. दोन बादल्या पाणी मोरीत ओतलं, लेंगा काठीच्या टोकाने उचलून उकळत्या पाण्यात टाकला, हात कोपरापर्यंत घासले. मग येऊन बसला आणि आजचं वाडगं ओढलं. सलगम कोमट झालं होतं, त्याला ओल्या मोज्याचा वास येत होता. पहिला घास गालात धरून बसला, डोळे मिटले, सगळं तोंड सुकल्या अंजिरासारखं आकसलं. गिळला. पोटातून वर आला. पुन्हा गिळला. दुसरा घेतला.

इत्तोने जाताना हातोडी उचलून शालीखाली घातली. त्याने पाहिलं, पण मागितली नाही. ती दारापर्यंत गेली तेव्हा वाडग्यातून मान वर न करता म्हणाला, "उद्या जिरं घाला थोडं. हे कुत्र्याच्याही घशाखाली उतरणार नाही."

झालं. सगळं खरं. बरं, एक सोडून, कारण दात मला अजून हवे आहेत. एकाही मुंगीने ढेपांकडे पाहिलं नाही, ते माझं. दोन-चार होत्या साखरेवर. त्या पथ्यावर असतील.